आईच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व : मोझांबिकमधल्या एका गोवेकर सिस्टरचे प्रकरण

हे प्रकरण संबंधित कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. मी म्हापशात वकिली करतो. पोर्तुगीज काळातल्या जन्म-विवाहाच्या नोंदींची कामे माझ्याकडे नेहमी येतात आणि ती बहुतेक युरोपात नोकरी शोधणाऱ्या तरुणांची असतात. हे काम एका मिशनरी सिस्टरचे होते. म्हणून नेहमीच्या प्रश्नांच्या आधी वेगळेच प्रश्न विचारावे लागले.

पार्श्वभूमी

सिस्टरची आई बार्देश तालुक्यातली, जन्म १९५१ चा. म्हणजे पोर्तुगीज अमलातला. वडील सावंतवाडीचे, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातले. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्येच मुंबई प्रांतात विलीन झाले होते, त्यामुळे वडिलांकडून पोर्तुगीज वारशाचा प्रश्नच नव्हता. लग्न १९७४ मध्ये सावंतवाडीला झाले आणि नंतर कुटुंब म्हापशाला येऊन राहिले. घरात मराठी, आजोळी कोकणी, संध्याकाळची प्रार्थना मराठीत. सीमेच्या अलीकडे-पलीकडे अशी घरे पुष्कळ आहेत.

मुलगी १९७७ ची. नर्सिंग केल्यावर ती एका धर्मसंघात दाखल झाली आणि २०११ पासून मोझांबिकमध्ये बेइरा या बंदराच्या शहराजवळ मिशनच्या दवाखान्यात आहे. बाळंतपणे, लसीकरण, कुपोषित मुलांची देखभाल हे तिचे रोजचे काम. पोर्तुगीज ती तिथे जाऊन शिकली, ‘सेना’ ही तिथली स्थानिक भाषाही बोलते. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बेइराची दैना केली तेव्हा ती तिथेच होती. त्या वेळी भारतीय नौदलाची जहाजे मदतीला सर्वांत आधी पोहोचलेल्यांत होती. हा तपशील पुढे तिच्या निर्णयात आला, म्हणून इथे नोंदवतो.

तिचा पासपोर्ट भारतीय. मोझांबिकमध्ये राहण्यासाठी परदेशी माणसाला निवासकार्ड लागते. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘दिरे’ म्हणतात. त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते.

प्रश्न कसा उभा राहिला

संघाचे मुख्य घर युरोपात आहे. तिथे भरणाऱ्या महासभेसाठी सिस्टरची प्रतिनिधी म्हणून निवड झाली. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, अर्ज करायचा तर राहत्या देशातले वैध निवासकार्ड दाखवावे लागते, आणि नेमके तेव्हा तिचे दिरे नूतनीकरणासाठी दिलेले होते. कार्ड हातात येईपर्यंत व्हिसाची वेळ टळली. महासभा तिच्याविना पार पडली. दवाखान्याच्या नव्या इमारतीचा प्रस्ताव तीच मांडणार होती. तो दुसऱ्या कोणीतरी कागदावरून वाचून दाखवला.

तिला हे फार लागले. फोनवर भावाजवळ ती बोलली आणि भावाने लगेच तोडगा सांगितला : “ताई, आई पोर्तुगीज राजवटीत जन्मलेली. तुला त्यांचा पासपोर्ट मिळतो. भारताचा ठेवायचा, तोही घ्यायचा. दुहेरी नागरिकत्व. सगळे करतात.”

भावाचा हेतू वाईट नव्हता. पण त्याच्या मनात स्वतःचा मुलगाही होता. हॉटेल मॅनेजमेंट झालेला, आयर्लंडला जायची स्वप्ने पाहणारा. ताईचे काम झाले की त्याच वाटेने पोराचेही होईल, असा त्याचा समज होता. त्याने म्हापशातल्या एका एजंटाला गाठले, आईची जुनी कागदपत्रे त्याच्याकडे दिली, थोडी आगाऊ रक्कमही दिली. आईला एवढेच सांगितले की ताईच्या व्हिसासाठी तुझा जन्मदाखला लागतो.

सिस्टर रजेवर गोव्यात आली तेव्हा सह्या करायच्या बाकी होत्या. त्याआधी कोणाशी तरी बोलावे म्हणून ती माझ्याकडे आली.

कागद काय सांगत होते

कागदांच्या बाजूने पाहिले तर प्रकरण भक्कम होते. आईची जन्मनोंद बार्देशच्या पोर्तुगीजकालीन नोंदवहीत सापडत होती. अशा नोंदीच्या पूर्ण उताऱ्याला आपल्याकडे ‘तेओर’ म्हणतात. त्या काळच्या नोंदींत मुलाचे फक्त पहिले नाव असते आणि आडनाव आईबापांच्या रकान्यातून लावावे लागते. इथेही तसेच होते. सावंतवाडीच्या विवाह दाखल्यात आईच्या नावाचे स्पेलिंग वेगळे, आधारवर तिसरेच. दुरुस्तीला वेळ गेला असता, पण काम अडले नसते.

सिस्टरचा स्वतःचा जन्म नगरपालिकेत वेळेवर नोंदवलेला होता आणि त्यात आईवडील दोघांची नावे होती. हे महत्त्वाचे, कारण पोर्तुगीज कायद्यानुसार आईबापाशी असलेले नाते मूल अल्पवयीन असतानाच कागदावर आलेले असेल तरच ते सहसा नागरिकत्वासाठी धरले जाते. उशिरा केलेल्या जन्मनोंदी म्हणूनच अनेकांना नडतात. बाकी अपोस्टिल (परदेशात दाखला ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यायचे सरकारी प्रमाणन), मराठी दाखल्याचे पोर्तुगीज भाषांतर ही नित्याची कामे. भारत हेग अपोस्टिल करारात २००५ मध्ये सामील झाल्यापासून तो भाग सोपा झाला आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा हक्क फक्त ख्रिस्ती गोवेकरांचा आहे असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. गोवा, दमण, दीव इथे १९६१ पूर्वी जन्मलेल्या हिंदू आणि मुसलमानांच्या नोंदीही त्याच वह्यांत आहेत आणि पोर्तुगालचा कायदा धर्म विचारत नाही.

दोन देशांचे कायदे

अडचण कागदांत नव्हती. ती दोन कायदे एकमेकांसमोर आले की सुरू होते.

पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा ३ ऑक्टोबर १९८१ चा, पुढे अनेकदा दुरुस्त झालेला. पोर्तुगीज आई किंवा बापाचे परदेशात जन्मलेले मूल आपला जन्म पोर्तुगीज नोंदवहीत नोंदवेल किंवा पोर्तुगीज व्हायचे आहे असे जाहीर करेल, तर ते जन्मापासूनच पोर्तुगीज मानले जाते. वाट टप्प्याटप्प्याची आहे. आधी आईचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत उतरवायचा, मग तिचे लग्न, मग मुलीचा जन्म. पोर्तुगालला दुसरे नागरिकत्व चालते.

भारताला चालत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व अधिनियम १९५५ चे कलम ९ यांत ते स्पष्ट आहे : भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही. वाद झाला तर केंद्र सरकार ठरवते. त्यानंतरही भारतीय पासपोर्ट बाळगणे हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

गोव्यात बरेच लोक समजतात की पोर्तुगीज पासपोर्ट हातात येईपर्यंत काहीच घडत नाही, लिस्बनला जन्म नोंदवणे ही नुसती तयारी. इथेच माणसे अडकतात. पोर्तुगीज कायद्याच्या नजरेत मुलाचा जन्म त्या वहीत चढला की नागरिकत्व मिळालेच, मग त्याचा परिणाम जन्मापासून धरला जात असला तरी. भारतीय यंत्रणेने हीच तारीख धरली, तर त्या तारखेनंतर भारतीय पासपोर्टवर केलेला प्रत्येक प्रवास चुकीचा ठरतो. गोव्यात असे पासपोर्ट रद्द झालेले लोक आहेत. पासपोर्ट स्वतःहून परत केला तर त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते त्या कार्डाचा, अर्ज करता येतो. तो रद्द झाला तर माणूस मधल्या मध्ये लोंबकळू शकतो.

आईची गोष्ट आणखी नाजूक. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. मार्च १९६२ च्या केंद्राच्या आदेशाने, ज्यांचा स्वतःचा किंवा आईवडील, आजी-आजोबांपैकी कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला होता, ते सगळे भारतीय नागरिक झाले. जुने नागरिकत्व ठेवायचे असेल तर एका महिन्यात लेखी कळवायचे होते. तिच्या घरातून कोणी कळवले नाही. आता तिचा जन्म लिस्बनला नोंदवला तर ते नवे नागरिकत्व मिळवणे की जुन्याचीच नोंद, यावर वाद घालता येतो. पोर्तुगालच्या मते ती कायमच पोर्तुगीज होती. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईने हा वाद अंगावर का घ्यावा? तिचे मतदान ओळखपत्र, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहा पैसे, भावंडांबरोबर सामाईक असलेले माहेरचे शेत हे सारे तिच्या भारतीय असण्यावर उभे आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एजंटाचा : दोन्ही पासपोर्ट ठेवा, विमानतळावर योग्य तो दाखवा, कोणाला कळत नाही. मी त्याला पर्याय मानत नाही. तरी तो इथे लिहितो, कारण घरात सर्वांत जास्त चर्चा त्याचीच झाली होती. सिस्टरला तो मुळात ठाऊकच नव्हता. दोन्ही ठेवणे कायदेशीर आहे असेच भावाने तिला सांगितले होते. खरे कळल्यावर तिने तो दोन वाक्यांत बाद केला : “खोटे बोलून मी कुठे सेवा करू? आणि पकडले गेले तर नाव माझे नाही, संघाचे जाईल.”

दुसरा पर्याय सरळ मार्गाचा. पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचे, भारतीय पासपोर्ट परत करायचा, ओसीआय कार्ड काढायचे. युरोपात ये-जा खुली होते. २०२१ मध्ये लुआंडात झालेल्या पोर्तुगीजभाषक देशांच्या वाहतूक-करारामुळे मोझांबिक, अंगोला, ब्राझील इकडेही काही सवलती मिळतात. बरेच गोवेकर हा मार्ग प्रामाणिकपणे घेतात आणि त्यांच्या परिस्थितीत तो योग्यही असतो.

तिसरा पर्याय, नागरिकत्वाला हात न लावता मूळ अडचण सोडवायची. अडचण होती दिरे आणि व्हिसा यांच्या तारखांची.

चौथा, आईची नोंद तेवढी करून ठेवायची आणि बाकीचे पुढे पाहायचे. वरवर हा सर्वांत निरुपद्रवी वाटतो. सगळे घर त्याच्याच बाजूने होते.

पहिला निर्णय : आईची नोंद

मी सर्वांत आधी हा चौथा पर्याय थांबवायला सांगितला. कारण तो झाला की आईच्या बाबतीत परत फिरणे कठीण, आणि मुलीने पुढे काही ठरवलेच नाही तर आईने विनाकारण जोखीम घेतलेली. शेवटचा निर्णय होत नाही तोवर पहिला कागद हलवायचा नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

भावाला ते पटले नाही. “वकीलसाहेब, नुसती नोंद तर आहे,” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तेव्हा मी त्याला दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. ताईने नागरिकत्व घेतल्याने त्याच्या मुलाला काडीचाही हक्क मिळत नाही. मुलाची नेहमीची साखळी आजीकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे अशी जाते. त्या वाटेने जायचे तर नागरिकत्वाचा प्रश्न आधी खुद्द भावाला सोडवावा लागेल, म्हणजे म्हापशाच्या बाजारात दुकान असलेल्या, पंचायत निवडणुकीत उतरायची इच्छा असलेल्या माणसाला. परदेशी नागरिकाला मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. हे ऐकल्यावर तो गप्प झाला. बहिणीच्या नावावर चाललेले काम निम्म्याहून जास्त स्वतःच्या घरासाठी होते, हे तोवर त्याने स्वतःशीही कबूल केले नव्हते.

मग आईला विचारायचे ठरले. ती माझ्या कचेरीत आली, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, बासष्ट साली मला कोणी विचारलं नव्हतं, मी लहान होते. आता म्हातारी आहे म्हणून विचारलं नाही का?” आपला कागद कुठेही पाठवायचा नाही, असे तिने सांगितले. मुलीच्या कामाला खरेच लागत असेल तर मात्र ती सही करायला तयार होती.

त्यामुळे सारा भार पुन्हा सिस्टरवर आला.

दुसरा निर्णय : म्हातारपणी कुठे

मी सिस्टरला एकच प्रश्न विचारला : पुढच्या वीस वर्षांत संघ तुम्हाला कुठे पाठवेल?

तिला उत्तर माहीत होते. संघाची कोकणात आणि कर्नाटकात घरे आहेत. परदेशात बरीच वर्षे काढलेल्या सिस्टरना नवशिक्यांच्या प्रशिक्षणासाठी परत बोलावतात. तिलाही पन्नाशीनंतर बोलावतील याची जवळजवळ खात्री होती.

आता ओसीआयची अट पाहा. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात यायला आयुष्यभराचा व्हिसा असतो, पण काही कामांसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते : संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण, तबलीग (इस्लामी धर्मप्रचार) आणि मिशनरी कार्य. सुट्टीवर आलेल्या इंजिनिअरला या ओळीशी देणेघेणे नसते. सिस्टरसाठी मात्र तीच ओळ निर्णायक होती. आपल्याच जन्मगावी, आपल्या भाषेत आपले काम करायला तिला परदेशी म्हणून परवानगी मागावी लागली असती. परवानगी मिळतेही, पण ती मिळेल की नाही, किती काळाची मिळेल, हे तिच्या हातात राहत नाही.

यात आणखी एक गुंता होता. परदेशी नागरिकाकडून, अगदी भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डधारकाकडून आलेला पैसाही विदेशी योगदान नियमन कायद्याखाली परदेशी देणगी ठरतो. सिस्टरला आईवडिलांच्या मिळकतीतला वाटा उद्या संघाच्या भारतातल्या संस्थेला द्यायचा झाला, तर तो साध्या खात्यात घेता येणार नाही. गोव्यात वारसाहक्काने मुलींना समान वाटा मिळतो, त्यामुळे हा प्रश्न कल्पनेतला नव्हता.

मोझांबिकच्या बाजूनेही हिशेब केला. तिथे कायम राहणाऱ्या पोर्तुगीज माणसालाही दिरे काढावेच लागते. म्हणजे ज्या कार्डाने महासभा हुकवली ते कार्ड पासपोर्ट बदलूनही सुटत नव्हते. सुटला असता तो फक्त युरोपचा व्हिसा.

कायद्याचे बोलणे संपल्यावर सिस्टर जे बोलली ते मला महत्त्वाचे वाटते. मोझांबिक २५ जून १९७५ ला स्वतंत्र झाला, त्याआधी दहा वर्षे पोर्तुगालशी लढून. १७५२ पर्यंत त्या प्रदेशाचा कारभार गोव्यातूनच चालत असे. आणि गोव्यात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा पुढे मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे जवळचे सल्लागार झाले, १९८६ च्या विमान अपघातात माशेल यांच्याबरोबरच गेले. ही नावे तिथल्या शिक्षकांना पाठ आहेत. डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज सत्तेने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत ठेवले, मालमत्ता ताब्यात घेतल्या, मग देशाबाहेर काढले. बेइरातल्या जुन्या गुजराती व्यापाऱ्यांच्या घरांत ती आठवण अजून आहे. सिस्टर म्हणाली, “तिथे मी ‘इंडियाची सिस्टर’ आहे. वादळानंतर आपली जहाजे आली तेव्हा बायका मला येऊन सांगत होत्या, तुमची माणसे आली. उद्या मी पोर्तुगीज म्हणून उभी राहिले तर मला कोणी हाकलणार नाही, पण मलाच वेगळे वाटेल.”

याला कोणी भावनेचा मुद्दा म्हणेल. मी तो कामाचा मुद्दा मानतो. दवाखान्यात बाळंतपणाला येणाऱ्या बाईचा विश्वास हीच तिथली खरी पुंजी आहे आणि सिस्टरने तेरा वर्षांत ती कमावली होती.

काय केले

तिने पोर्तुगीज नागरिकत्वाचा विचार सोडला. निर्णय तिचा, पण संघाच्या प्रांतप्रमुख मदरना लिहून कळवला, म्हणजे पुढे संघातून पुन्हा हाच आग्रह होऊ नये. त्या पत्रात कारणे आणि कायद्याची कलमे दोन्ही दिली.

मग मूळ अडचणीला हात घातला. शेंगेन व्हिसाचा अर्ज २०२० पासून प्रवासाच्या सहा महिने आधी करता येतो. म्हणून दिरेच्या नूतनीकरणाचे वेळापत्रक पुढच्या बैठकांच्या तारखांपासून दूर सरकवायचे आणि व्हिसाचा अर्ज पूर्ण सहा महिने आधी टाकायचा, असे ठरले. आधीचे व्हिसा नियमाने वापरलेल्या प्रवाशाला जास्त मुदतीचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागता येतो. सिस्टरच्या जुन्या पासपोर्टावर असे नियमाने वापरलेले व्हिसा होते, पण जास्त मुदतीचा व्हिसा आजवर कोणी मागितलाच नव्हता. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेली सवलत तिला लागू होत नव्हती, कारण ती मोझांबिकची रहिवासी. म्हणून अर्ज सर्वसाधारण नियमाखाली केला आणि सोबत संघाच्या मुख्य घराचे बैठकांच्या वर्षभराच्या तारखांचे पत्र जोडले.

एजंटाकडून आईची मूळ कागदपत्रे परत घेणे सर्वांत कटकटीचे ठरले. आगाऊ रक्कम बुडाली. तेओरचा उतारा, विवाह दाखला, आईच्या सहीचा एक कोरा अर्जसुद्धा त्याच्याकडे होता. तो अर्ज हाती आल्यावर आम्ही फाडला आणि आईच्या नावाने कुठेही काही दाखल झालेले नाही असे त्याच्याकडून लेखी घेतले.

परिणाम

सिस्टरला दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मिळाला. संघाच्या पुढच्या बैठकीला ती गेली आणि इमारतीचा प्रस्ताव तिने स्वतः मांडला. दिरेची दगदग आहे तशीच आहे.

आईने ७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान केले. तिची जन्मनोंद जिथे होती तिथेच, बार्देशच्या वहीत आहे. स्पेलिंगच्या दुरुस्त्या मात्र आम्ही करून घेतल्या, कारण त्या वारसाच्या कामाला कधीतरी लागणारच होत्या.

भाऊ पूर्ण समाधानी नाही. मुलगा अजून आयर्लंडचे बोलतो. त्याला मी सांगितले आहे की तिथे कौशल्यावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्याचा अर्ज आधी कर. तो न जमल्यास आणि पोर्तुगीज नागरिकत्व हवेच असल्यास बापलेकांनी भारतीय नागरिकत्व सोडायची तयारी आहे का ते एकत्र बसून ठरवा, आणि आजीची सही मागायला तुम्ही दोघे जा, आत्याला मध्ये घालू नका. ती चर्चा अजून झालेली नाही.

वेगळे काय करता आले असते

महासभेची तारीख संघाला वर्षभर आधी माहीत होती. दिरेची मुदत कधी संपते हेही कार्डावर छापलेले असते. मिशनच्या कचेरीत प्रत्येक परदेशी सिस्टरच्या निवासकार्डाची, पासपोर्टाची आणि प्रवासाची तारीख एका तक्त्यात असती तर हे प्रकरण माझ्यापर्यंत आलेच नसते. आता तसा तक्ता त्यांनी केला आहे, हे सिस्टरने कळवले.

आईशी पहिल्याच दिवशी बोलायला हवे होते. वारसाहक्काने मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या कामात अर्ज मुलांचा असतो, पण आधी हलतो तो आईबापाचा कागद. हे घरात कोणी लक्षात घेतले नाही. गोव्यात मी पाहतो, म्हाताऱ्या माणसांकडून ‘दाखल्यासाठी’ म्हणून सह्या घेतल्या जातात आणि कशावर सही केली ते त्यांना कधीच समजत नाही. या आईला शेवटी विचारले गेले, म्हणून तिचे मत कळले.

सिस्टरची परिस्थिती वेगळी असती तर माझा सल्लाही वेगळा असता. समजा संघाने तिला कायमची युरोपात नेमले असते, भारतात परतायचे नाही हे पक्के असते, आईही राजी असती, तर दुसरा पर्याय मी स्वतः सुचवला असता. मात्र क्रम काटेकोर ठेवला असता : आधी संघाची लेखी संमती. मुलीचा जन्म लिस्बनला नोंदवला गेल्याची तारीख कळताच भारतीय पासपोर्टवरचा प्रवास बंद. त्यानंतर विलंब न करता पासपोर्ट परत करून त्याचे प्रमाणपत्र, आणि मग ओसीआयचा अर्ज. मधल्या काळात भारतात यायची वेळ येणार नाही अशा बेताने सारे आखावे लागते. आईवडील आजारी असतील तर हे काम सुरूच करू नये.

परदेशात सेवा करणाऱ्या फादर-सिस्टरांच्या घरून आता असे फोन येतात तेव्हा मी जन्मदाखले मागत नाही. आधी त्यांच्या वरिष्ठांचे पत्र मागतो, पुढची नेमणूक कुठे असण्याचा संभव आहे एवढेच लिहिलेले. ते पत्र येईपर्यंत फाईल उघडत नाही.